बीपीचं खापर टेन्शनवर

घरात कुणाचं बीपी निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढं कसलं टेन्शन घेतोस? मग कारणं शोधली जातात. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, साहेबांचा जाच, भावकीतला जमिनीचा वाद, घराचे हप्ते. एखादं कारण हमखास सापडतं, कारण चाळिशी ओलांडलेल्या कोणत्या माणसाला काळजी नसते? कारण सापडलं की सगळ्यांचं समाधान होतं. डॉक्टर गोळी लिहून देतात, नातेवाईक 'फार विचार करू नकोस' म्हणतात, आणि शर्टाची बटणं ताणणाऱ्या पोटाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पोट सुटणं ही आपल्याकडे अजूनही खात्यापित्या घरची खूण आहे.

या समजाचा पूर्ण पाढा असा: रक्तदाब टेन्शनने येतो. टेन्शनने नाही आला तर वयाने येतो. आला की त्यावर गोळी आहे. वजन ही वेगळी बाब, ती दिसण्याची आणि कपड्यांच्या मापाची. आणि मी तर जाडही नाही. सुशिक्षित घरांत, वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत, इतकंच काय, काही दवाखान्यांतही हा पाढा म्हटला जातो. त्यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं किंवा अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणाची किंमत पक्षाघात, हृदयविकार आणि डायलिसिसच्या रूपात चुकवली जाते. म्हणून तो एकदा नीट खोडून काढायला हवा.

टेन्शनपासून सुरुवात करू. भांडण झालं, अपघात पाहिला, परीक्षेचा निकाल लागायचा आहे, अशा वेळी रक्तदाब चढतो, हे खरं. दवाखान्यात नुसता पट्टा दंडाला बांधला तरी अनेकांचा चढतो. पण प्रसंग सरला की तो उतरतोही. वर्षानुवर्षं दिवसरात्र चढलेला राहणारा रक्तदाब ही निराळी गोष्ट आहे. त्यात ताणाचा काही वाटा असेल, मी तो शून्य धरत नाही. पण मुख्य आरोपी तो नव्हे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात 1948 पासून लोकांच्या हृदयाचा पाठपुरावा चालू आहे. तिथल्या दुसऱ्या पिढीच्या अभ्यासातून जो अंदाज निघाला तो असा, की उच्च रक्तदाबाचा पुरुषांत सुमारे 78 टक्के आणि स्त्रियांत सुमारे 65 टक्के भार शरीरातल्या जादा चरबीवर टाकता येतो. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण चरबीचा वाटा एवढा मोठा असताना आपल्या गप्पांत तिचा उल्लेखही नसावा, हे कसं?

चरबीने रक्तदाब वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेतल्याशिवाय टेन्शनचा समज मनातून जाणार नाही. त्यासाठी मूत्रपिंडाकडे पाहावं लागतं. आपण खाल्लेलं जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं काम. निरोगी मूत्रपिंड ते साध्या दाबाखाली करतं. पोटातली चरबी वाढली की हेच काम त्याला चार बाजूंनी अवघड होतं. पहिली बाजू इन्सुलिनची. पोट वाढलेल्या माणसाचे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक स्रवतं. मूत्रपिंड मात्र इन्सुलिनला दाद देतच राहतं, आणि त्याच्या हुकमाने मीठ धरून ठेवतं. दुसरी बाजू लेप्टिनची. 1994 मध्ये शोध लागलेलं हे संप्रेरक चरबीच्याच पेशी तयार करतात. ते मेंदूमार्फत अशा मज्जातंतूंना चेतवतं, जे मूत्रपिंडाला मीठ राखायला लावतात. तिसरी बाजू अशी, की रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनचा कच्चा माल यकृताबरोबर चरबीतही तयार होतो. आणि चौथी बाजू अगदी सरळ वजनाची: मूत्रपिंडाभोवती साचलेली चरबी त्याला बाहेरून दाबते.

या सगळ्याचा परिणाम एकच. तेवढंच मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला आता जास्त दाब लागतो, आणि शरीर तो पुरवतं. पोट वाढलेल्या माणसाचा चढलेला रक्तदाब बऱ्याच अंशी हा असा, मूत्रपिंडाच्या गरजेपोटी पुरवलेला दाब असतो. यात साहेबांचा जाच कुठे आला? भावकीतला वाद उद्या मिटला तर मूत्रपिंडाभोवतीची चरबी वितळणार आहे का?

याला घोरण्याची जोड मिळते. गळ्याभोवती चरबी साचली की झोपेत घशातला श्वासमार्ग पुन्हापुन्हा बंद होतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि प्रत्येक दचक्याबरोबर रक्तदाब उसळतो. ज्या वेळी तो सर्वांत खाली असायला हवा, नेमका त्याच वेळी. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा आकडा खाली येत नाही, त्यांच्यात हा झोपेचा आजार वारंवार सापडतो. आपल्याकडे मात्र घोरणं हा घरातल्या चेष्टेचा विषय. ज्या बाईची झोप त्या घोरण्याने मोडते, तिलाच खरं तर नवऱ्याच्या रक्तदाबाची सगळ्यात महत्त्वाची खबर असते. पण तिला ती विचारतो कोण?

आता 'मी कुठे जाड आहे?' हा युक्तिवाद. सगळ्यांत घातक हाच, कारण तो प्रामाणिक आहे. हातपाय काटकुळे, चेहरा उतरलेला, वजनकाट्यावर 64 किलो. असा माणूस स्वतःला लठ्ठ का म्हणेल? याचं उत्तर जगाला पुण्याने दिलं आहे, आणि पुण्यातच ते पुरेसं माहीत नाही, याची मला खंत वाटते. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. काट्याने दोघांना एका मापात तोललं, आणि आतमध्ये दुपटीहून जास्त फरक होता.

हा फरक जन्माच्या वेळीच दिसतो, हेही याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास करून दाखवलं. इथलं बाळ सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं 3.5 किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी जन्मलेली ही मुलं पुढे शहरात येतात, खुर्चीवर बसून काम करतात, पोटभर खातात, आणि जादा ऊर्जा पोटात साठवतात. हा कुणाच्या आळसाचा दोष नव्हे. पण म्हणूनच आपल्याला युरोपीय माणसाचं माप लावून निर्धास्त राहता येत नाही. आपल्याकडे 25 नव्हे तर 23 बीएमआयपासून वजन जास्त धरायचं, पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर ओलांडली की सावध व्हायचं, हे भारतीय तज्ज्ञांनी ठरवूनही बरीच वर्षं झाली.

आणि कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. पोट सुटलेले पुरुष पट्टा पोटाखाली बांधतात आणि वीस वर्षं आपला नंबर 34 च असल्याचं अभिमानाने सांगतात. माप घ्यायचं ते शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता.

आयसीएमआरचा 'इंडियाब' हा देशभरातल्या 1 लाख 13 हजार प्रौढांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाब 35.5 टक्के लोकांना, मधुमेह 11.4 टक्के लोकांना, आणखी 15.3 टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा 28.6 टक्के, आणि पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्के. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. काट्याला न दिसणारं पोट किती घरांत आहे, ते या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसतं. अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी 1988 मध्येच दाखवून दिलं होतं की रक्तदाब, साखर आणि रक्तातली बिघडलेली चरबी ही एकाच बिघाडाची भावंडं आहेत, आणि त्या बिघाडाच्या मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर आहे. त्याला आता जवळपास चार दशकं होत आली. आपण अजून शुगरची फाइल वेगळी आणि बीपीची फाइल वेगळी ठेवतो, आणि पोटाची फाइलच उघडत नाही.

वय झालं की रक्तदाब वाढणारच, हा समज थोडक्यात निकालात काढता येतो. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळपास खातच नाहीत, अंगमेहनत करतात, आणि त्यांच्यात लठ्ठपणा नाही. 1988 च्या 'इंटरसॉल्ट' या अनेक देशांतल्या अभ्यासात त्यांचा सरासरी रक्तदाब 95 वर 61 निघाला, आणि वयाबरोबर तो वाढताना दिसला नाही. वयाने केस पांढरे होतात ते सगळ्यांचे, जंगलातल्यांचेही. रक्तदाब तसा वाढत नसेल, तर तो वयाचा नियम कसा? आपल्या ज्या सवयी वयाबरोबर साचत जातात, त्यांचा तो हिशेब आहे.

उरली गोळी. माझं गोळीशी भांडण नाही, उलट तिच्या बाजूने मी पुढे बोलणारच आहे. भांडण आहे ते 'गोळी चालू आहे, म्हणजे झालं' या वृत्तीशी. पोट वाढत राहिलं तर मूत्रपिंडाची दाबाची मागणीही वाढत राहते. मग एका गोळीच्या दोन होतात, दोनाच्या तीन. दर वेळी रुग्ण म्हणतो, 'या कंपनीची गोळी लागू पडत नाही.' कोणत्या गटातली गोळी, यानेही फरक पडतो. जुन्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी वजन थोडं वाढतं आणि मधुमेहाचा धोकाही वाढतो, म्हणून 2006 मध्ये ब्रिटनने साध्या उच्च रक्तदाबासाठी त्यांना पहिल्या पसंतीतून वगळलं. ज्याची साखर उंबरठ्यावर आहे आणि कंबर शंभरीला टेकली आहे, त्याची गोळी निवडताना डॉक्टरांनी हे दोन आकडे पाहायला नकोत का? आणि कंबर मोजलीच नसेल, तर पाहणार काय? (हृदयविकार झालेल्यांना याच गोळ्या आवश्यक असू शकतात आणि त्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं. हे वाचून कुणी आपली गोळी परस्पर बंद करू नये.)

कारण याच्या बरोबर उलट्या टोकाला दुसरा एक कंपू उभा आहे. तो म्हणतो, गोळ्या म्हणजे विष, एकदा लागली की जन्माची सवय. वजन उतरवा आणि गोळ्या फेकून द्या. मोबाइलवर रोज असे संदेश फिरतात. पहिला गट पोट विसरतो, दुसरा गट रक्तदाब विसरतो, आणि दोघेही माणसाला एकाच खड्ड्यात नेतात. दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करणारा एक मोठा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की चाळीस ते सत्तरच्या दरम्यान रक्तदाबाचा वरचा आकडा 20 ने वाढला की पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक होतो. पोट उतरायला सहा महिने, वर्ष लागतं. तोवर 160 घेऊन फिरायचं? ब्रिटनमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि 1998 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत एका गटाचा रक्तदाब सरासरी 154 वर 87 राहिला, दुसऱ्याचा 144 वर 82. वरच्या आकड्यातल्या एवढ्या दहाच्या फरकाने पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले. गोळ्यांची ही कमाई आहे. ती नाकारणारा माणूस रुग्णांचा हितचिंतक नव्हे.

आणि वजन उतरवल्याने काय मिळतं, तेही नेमकं माहीत आहे. अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा, की एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. सहा किलो उतरले तर सहा. हा आकडा लहान वाटतो, पण तो गोळीच्या जोडीला मिळतो आणि त्याबरोबर साखर व झोपही सुधारते. ब्राझीलमध्ये लठ्ठ आणि उच्च रक्तदाब असलेल्या शंभर रुग्णांवर झालेल्या चाचणीत बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास 84 टक्के रुग्णांच्या गोळ्या निदान 30 टक्क्यांनी कमी करता आल्या, रक्तदाब ताब्यात ठेवून. नुसत्या औषधांवर असलेल्या गटात हे जमलं ते सुमारे 13 टक्क्यांना. टेन्शन दोन्ही गटांना असणारच. फरक पोटाने केला. पण वजन परत चढलं की रक्तदाबही परत येतो. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या इंजेक्शनने सरासरी 15 टक्के वजन आणि वरच्या आकड्यातले सुमारे सहा उतरले. औषध थांबवल्यावर वर्षभरात दोन तृतीयांश वजन परत आलं आणि रक्तदाबही मूळपदावर गेला. ही इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडेही वजनासाठी विकली जात आहेत, आणि लग्नसराईपुरती घ्यायची वस्तू म्हणून त्यांची चौकशी होऊ लागली आहे. चार महिने टोचून घ्यायचं आणि मग थांबायचं, यातून रक्तदाबाचं कोणतं भलं होणार?

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. लठ्ठ माणसांना आधीच टोमणे ऐकावे लागतात. त्यांचं प्रत्येक दुखणं वजनाच्या खाती जमा केलं जातं. त्यात आणखी भर कशाला? आक्षेपामागचं दुःख खरं आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. टोमणा आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लठ्ठ माणसाचा खरा अपमान कुठे होतो ते सांगतो. दवाखान्यात त्याच्या जाड दंडाला नेहमीच्या मापाचा, आखूड पट्टा ओढूनताणून बांधला जातो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, सगळ्यांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी 19.5 ने जास्त आला. म्हणजे ज्याला खरोखर 125 आहे, त्याला 144 सांगून आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत मोठा पट्टा आहे? जिथे तो नाही, तिथे लठ्ठ माणसाची धड तपासणीही होत नाही, आणि वर त्याला खाण्यावर ताबा ठेवायला सांगितलं जातं. वजनाचा विषय न काढण्यात सौजन्य नाही. मोठा पट्टा, मापाची टेप आणि अर्धा तास वेळ देण्यात आहे.

बायकांच्या बाबतीत तर गप्प राहणं अधिकच महाग पडतं. 'बाळंतपणानंतर पोट राहतंच' आणि 'पाळी गेली की अंग सुटतंच' या दोन वाक्यांखाली त्यांची सगळी तब्येत झाकली जाते. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता किंवा साखर निघाली होती, त्यांना पुढे या दोन्हींचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण बाळ झालं की तपासण्या बाळाच्या होतात. उरलंसुरलं संपवणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी, उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणारी ती बाई पन्नाशीत चक्कर येऊन पडते. तेव्हा घर म्हणतं, फार विचार करते ती.

मिठाबद्दल एवढंच, की 'आम्ही वरून मीठ घेत नाही' हे वाक्य ऐकून समाधान मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमची, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याची मर्यादा घातली आहे. आपण त्याहून बरंच जास्त खातो, आणि ते लोणच्यात, पापडात, शेव-फरसाणात, चटणीत, बेकरीच्या खारीत असतं. पोट वाढलेल्या माणसाचं मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, हे वर पाहिलंच. म्हणून तेवढंच मीठ सडपातळ माणसापेक्षा त्या माणसाला जास्त बाधतं. शेजारचा खातो आणि त्याला काही होत नाही, हा पुरावा नव्हे.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की बीपीच्या प्रत्येक रुग्णाची कंबर मोजा, ती केसपेपरवर रक्तदाबाच्या शेजारी लिहा, उपाशीपोटीची साखर तपासा, घोरण्याबद्दल घरच्यांना विचारा, आणि दंडाच्या मापाचा पट्टा ठेवा. शिवणकामाची टेप दहा-वीस रुपयांना मिळते. वाचकांना सांगणं असं, की डॉक्टरांनी मोजली नाही तर तुम्ही घरी मोजा आणि तो आकडा घेऊन जा. गोळी चालू ठेवा. ती कमी करायची की नाही, हे रक्तदाबाचे आकडे पाहून डॉक्टर ठरवतील. आणि घरात यापुढे कुणाचं बीपी निघालं, तर टेन्शनची चौकशी करण्याआधी त्याच्या कमरेभोवती टेप धरा. पुरुष असेल तर 90, बाई असेल तर 80.